कल्याणअप्पांकडची जोखीम

युसूफ वडगाव या गावात कल्याणअप्पांच्या किराणा दुकानावर ‘सचोटीचा व्यवहार’ अशी पाटी होती. ती वडिलांनी लावलेली. अप्पांना स्वतःला त्या शब्दाचं काम क्वचितच पडे. हमालाला ते ‘इमानी’ म्हणत, पण तो समोर असेल तेव्हाच. ज्याच्याकडे फसवण्याइतकीही अक्कल नाही अशी खात्री पटे, तो ‘सरळ’. ‘प्रामाणिक’ हा शब्द शाळेच्या दाखल्यापुरता. आणि ‘नेक’ ते फक्त मेलेल्या माणसाला म्हणायचे.

“मंग मी कशात बसते?” बायको बसम्मा विचारायची.

“बघतोय अजून,” अप्पा म्हणत. घरात नातवंडं खेळायला लागली तरी त्यांचं बघणं संपलं नव्हतं.

गंमत अशी की, असल्या संशयी माणसावर आसपासच्या धनगरांचा पूर्ण भरवसा. ज्याला सगळ्या जगात चोर दिसतात त्याच्या कुलपाला कोण हात लावणार, असा त्यांचा हिशेब. दिवाळी सरली की मेंढरं घेऊन ते गोदाकाठाकडे निघत. जाण्याआधी बायका आपले चांदीचे डागडागिने, म्हणजे त्यांची ‘जोखीम’, फडक्यात बांधत, काळ्या लोकरीच्या दोऱ्यानं गाठ मारत आणि गाठोडं अप्पांकडच्या कुलपाच्या पेटीत ठेवत. आत काय आहे ते अप्पांनी विचारायचं नाही, त्यांनी सांगायचं नाही. पावसाळ्याच्या तोंडावर गाठ जशीच्या तशी परत करायची.

ज्या साली दुकानात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकल्या, त्या साली कंपनीचा एक विक्रेता जीपमधून आला. चहा पिता पिता अप्पांना म्हणाला, “शेठ, आता सगळा माल सीलबंद, वजन छापलेलं. तुम्ही न बघता दुसऱ्याची चांदी घेता? उद्या कुणी म्हणालं, आत हातातले गोठ होते, तर काय दाखवाल?”

अप्पांना रात्रभर ते गोठ दिसत राहिले.

सकाळी सटवा धनगर आणि त्याची बायको ताराबाई आले. बाकीच्यांची गाठोडी आधीच पेटीत गेली होती. ताराबाईनं आपलं पुढे केलं.

“सोडा जरा,” अप्पा म्हणाले. “वजन करून पावती देतो.”

ताराबाईचा हात तिथंच थांबला. “कावून? सासूच्या वक्तापासून ठिवतोय. कदी सोडलं न्हाई.”

“तुमच्याच भल्याचं हाय.”

“आमचं भलं आत्ता कसं आठवलं, अप्पा?” सटवा हळूच म्हणाला. त्यानं पेटीकडे पाहिलं, मग अप्पांच्या तोंडाकडे. “पेटीत काही इकडंतिकडं झालं का?”

“म्हंजे मी खाल्लं म्हणतोस बे?”

“मी कुठं म्हणलो? तुमीच सोडा म्हणताय.”

दोघं उठून गेले. तासाभरात सगळा तांडा दुकानापुढे उभा राहिला. भिवराबाई पुढे होती, पाठीमागे म्हातारा म्हाळू. “आमचंबी सोडून बघतो, अप्पा. पावतीचं राहू द्या,” भिवराबाई म्हणाली.

पोत्यांवर गाठोडी सुटली. वाळे, गोठ, पुतळ्यांची माळ, एका गाठोड्यात तर नुसता पोराच्या कमरेचा करगोटा. अप्पा घामानं भिजले होते. लहानसा वाळासुद्धा कमी निघू नये म्हणून त्यांनी मनात शंभूमहादेवाला हाका मारल्या. काहीच कमी निघालं नाही.

“बघितलं?” अप्पांचा आवाज फुटला. “जागच्या जागी हाय ना सगळं? ठेवा आता परत.”

बायकांनी फडकी आवळली. पेटीकडे कुणीच सरकलं नाही.

“चांदी जागेवर हाय, अप्पा,” ताराबाई म्हणाली. “तुमाला आमचा भरवसा ऱ्हायला न्हाई, म्हणून गाठ सोडाया लावली. आता आमीबी तिकडं बसून तुमच्या कुलपाचाच इचार करत बसू. कशाला दोघांच्या जिवाला घोर?”

गाठोडी घोड्यांवरच्या ओझ्यात गेली आणि तांडा निघाला. त्या उन्हाळ्यात बसम्मानं रिकाम्या पेटीत पापड ठेवले.

गावात ही गोष्ट पसरली. एकही डागिना कमी नव्हता, हेही पसरलं. लोक अप्पांना ‘चोख’ म्हणू लागले. कुणी तो शब्द उच्चारला की अप्पा त्याच्या तोंडाकडे रोखून बघत, ही स्तुती की टोमणा याचा अंदाज घेत. विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं, तर त्याच्या उत्तरावर विश्वास बसला नसता.