पप्पा झोपलेत

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात आवाज करायची परवानगी फक्त नवऱ्याच्या घोरण्याला होती. बाकी आम्ही तिघं, मी, सात वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा, सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत मौनव्रत धरून बसायचो. इकडे गुजरातेत, डिंडोलीत दुसऱ्या मजल्यावरची एक खोली, वर पत्रा. मधोमध हे चादर तोंडावर ओढून झोपलेले आणि आम्ही भिंतीच्या कडेकडेनं फिरायचो.

हे कापड विणायच्या लूमच्या कारखान्यात आहेत. एरवी पंधरा दिवस दिवसपाळी, पंधरा दिवस रातपाळी असते, पण लग्नसराई आली तसे अर्धे कारागीर जळगाव-धुळ्याकडे आपापल्या गावी पळाले आणि शेठनं उरलेल्यांना महिनाभर रातपाळीला लावलं. दरवर्षी सुट्टी पडली की मीही पोरांना घेऊन गावी जाते. यंदा म्हटलं, हा माणूस बारा तास उभा राहून घरी येणार, त्याला गरम भाकर कोण देईल? म्हणून थांबले. कोणी सांगितलं नव्हतं हो! स्वतःच्या हौसेनं सती सावित्री झाले आणि पाचव्या दिवशी कपाळावर हात मारून घेतला.

कारण यांची झोप. नवल असं, की हाच माणूस कारखान्यात शंभर लूम धडधडत असताना पोत्यावर आडवा झाला तर दहा मिनिटं मेल्यासारखा झोपतो. घरी चमचा पडला की ताडकन उठून बसायचा. उठला की पुन्हा डोळा लागत नसे. लाल डोळ्यांनी भिंतीकडे बघत बसायचा आणि रात्री तसाच कामाला जायचा. आदल्याच आठवड्यात त्यांच्या ओळीतल्या एका कारागिराला पहाटे डुलकी लागली आणि हात मशीनच्या पट्ट्यात गेला. हे मला त्यांनी जेवताना सांगितलं, दुसरी भाकर मागता मागता. त्या दिवसापासून मी ठरवलं, काही झालं तरी घरात टाचणी पडल्याचा आवाज होणार नाही.

मग काय, मीच हवालदार झाले. कुकरची शिट्टी बंद, डाळ पातेल्यात तासभर रटरटायची. मिक्सर बंद. बांगड्या कोपरापर्यंत चढवून त्यांवर रबर लावला. तापलेला तवा नळाखाली धरला की चर्र वाजतो, म्हणून तो मोरीच्या बाहेर भिंतीशी जमिनीवर ठेवायचा. मोबाइलवर कार्टून लावायचं तेसुद्धा आवाज बंद करून. तो मांजर-उंदरांचा गोंधळ दोघं नुसते बघत बसायची. हसू आलं की उशीत तोंड खुपसायची.

बाहेर जावं तर बाहेर आग. जिन्याच्या लोखंडी कठड्याला हात लावायची सोय नाही, गच्ची नाहीच, बाग पाच वाजल्याशिवाय उघडत नाही. आई जेऊ घालीना, बाप भीक मागू देईना, अशी पोरांची गत. मुलगी दार किलकिलं करून गल्लीकडे बघायची. एकदा हळूच म्हणाली, "मम्मी, चालो ने, नीचे जाऊ या." मी नुसते डोळे वटारले. तिनं दार लावलं.

पहिला आठवडा मारामारीत गेला. मुकी मारामारी! चिमटे, चावे, केस ओढणं, सगळं बिनआवाजी. चुकून कोणी "आई गं" म्हटलं की मी धावत जाऊन तोंड दाबायची. होय, दाबायची. कधी कधी जरा जास्तच जोरानं. दोघांपैकी कोणाचा दोष ते बघायचीच नाही. चादरीखालून घोरणं चालू आहे ना, एवढंच ऐकायचं. खोटं कशाला बोलू, त्या घोरण्याचा मला इतका संताप यायचा की वाटायचं, उचलावं ते पातेलं आणि आपटावं यांच्या कानाशी. जाऊ दे, सगळ्या खोलीला कळू दे की मीपण इथं आहे! आणि लगेच तो पट्ट्यात गेलेला हात आठवायचा.

दुसऱ्या आठवड्यात पोरं शहाणी झाली. त्यांनी खाणाखुणा बसवल्या. अंगठा ओठाला म्हणजे पाणी. करंगळी म्हणजे शू. पोटावर थाप म्हणजे भूक. धाकटा तर घरातला पोपट होता, दिवसभर टकळी चालू असायची त्याची, तोसुद्धा मान हलवून काम भागवायला लागला. समोरच्या खोलीतली गुजराती मासी म्हणाली, "तमारां छोकरां तो केटलां डाह्यां छे! किती शहाणी! घरात पोरं आहेत असं वाटतच नाही." आणि मी मूर्ख, दोन दिवस तिच्या त्या बोलण्यावर फुगून फिरत होते.

सासूबाईंचा फोन यायचा तो जिन्यात जाऊन घ्यायची. "पोऱ्याला दे जरा," म्हणाल्या एकदा. मी धाकट्याच्या कानाला फोन लावला. त्या पलीकडून "बोल ना भाऊ, बोल ना" करतायत आणि हा इकडे नुसती मान डोलावतोय. "अगं, पोऱ्या बोलत का नाही?" त्यांनी विचारलं. मला हसू आलं. म्हटलं, मान हलवतोय आत्या, तुम्हाला दिसत नाही. त्या नाही हसल्या.

तो दिवस शेवटच्या आठवड्यातला. एक वाजला असेल. पोरांना गरम पोळ्या करून दिल्या, तवा रोजच्यासारखा भिंतीशी ठेवला आणि मोरीत कपडे घासायला बसले. पाठीमागून मुलीनं माझा गाऊन ओढला. मी मान न वळवता हातानंच सांगितलं, थांब. तिनं पुन्हा ओढला. पुन्हा. मी मान वळवून अस्से डोळे वटारले तिच्यावर! तिनं तळहात पुढे केला, त्यावर दुसऱ्या हातानं थापट्या मारल्या, मागे बोट दाखवलं. ही खूण आमच्यात नव्हती. मला वाटलं, पोळी मागतेय. हातानंच खुणावलं, संपल्या, जा. ती गेली नाही. उभीच राहिली, ओठ घट्ट मिटून, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. तेव्हा कुठं मी तिच्या मागे बघितलं.

धाकटा तव्याजवळ उभा होता. उजवा हात लांब धरलेला, तळवा लालबुंद, बोटांशी कातडी पांढरी पडलेली. आणि डाव्या हातानं त्यानं स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं. माझ्यासारखंच, जोरानं. सगळं अंग थरथर कापत होतं आणि नाकातून नुसता श्वास. किती वेळ तो तसा उभा होता, देव जाणे. दोन कपडे पिळून झाले होते माझे तेवढ्यात.

मी किंचाळले. महिनाभराचं सगळं त्या एका किंकाळीत बाहेर पडलं. हे ताडकन उठून बसले, "अवं, काय झालं, काय झालं?" करत चादरीत अडखळले आणि मग त्यांनी त्याला पाहिलं. माझ्या आधी तेच पोचले. उचलून मोरीत आणला, हात बादलीत बुडवला. मी तिथंच खाली बसले.

पोर तरी गप्पच. तोंडावरचा हात काढेना. यांनी तो हळूच धरून बाजूला केला. म्हणाले, "रड ना रे भाऊ. रड. मी जागा आहे आता. मोठ्यानं रड."

त्यानं पप्पांकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं, रडू का म्हणून. मी मान हलवली, तेव्हा तो रडला.