ड्रॅगनछाप मदरबोर्ड

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात एक गंमत नेहमी घडते. कोणतंही मशीन उघडा, दुरुस्त करा, परत बंद करा, एक तरी स्क्रू उरतोच! मशीन व्यवस्थित चालतं, गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि तो स्क्रू बरणीत पडतो. सुभाष जोंधळेच्या दुकानात अशा स्क्रूंची बरणी भरत आली आहे. किश्शांचंही तसंच होतं. काम संपतं, माणसं पांगतात आणि काहीतरी हातात उरतं. ते टाकवत नाही.

सुभाषचं दुकान परभणी स्टेशनच्या जवळ. प्रिंटर, लॅपटॉप, ऑनलाइन फॉर्म, सगळं तो एकटा पाहतो. संध्याकाळी तिथं आम्ही दोन म्हातारे जाऊन बसतो. एक वसंतराव. वीज खात्यातून निवृत्त, सगळी नोकरी सबस्टेशनात. दुसरा मी. पदार्थविज्ञान शिकवायचो. डॉक्टरेट आहे, तीही चिप ज्यापासून बनतात त्या पदार्थांवर. त्यामुळे मला कॉम्प्युटरमधलं सगळं कळत असणार, अशी लोकांची समजूत आहे. कळत नाही, असं मी सांगून पाहिलं. त्यांना तो विनय वाटतो!

त्यातूनच त्या मदरबोर्डचं प्रकरण माझ्या गळ्यात पडलं.

*

वैशाली ही माझी जुनी विद्यार्थिनी. आता चुडाव्याच्या शाळेत शिक्षिका आहे. गावातल्या मुलींसाठी तिला कॉम्प्युटरची अभ्यासिका काढायची होती. ग्रामपंचायतीची एक पत्र्याची खोली मिळाली, पण अट घालूनच. गावात बियाणं ठेवायलाही जागा नव्हती. सरपंचबाईंनी सरळ सांगितलं, "महिन्याच्या शेवटच्या सोमवारी मशीन चालू दिसलं तर खोली पोरींची. न्हाई तर पोत्यांची."

सुभाषनं युक्ती काढली. मोठ्या शहरांतल्या कंपन्या त्यांचे जुने सर्व्हर मोडीत काढतात. त्यातले प्रोसेसर जुने असले तरी दणकट असतात आणि स्वस्तात मिळतात. ते बसवायला तितकाच स्वस्त, नवा मदरबोर्ड मिळतो. असं एक मशीन केलं की त्यालाच सात-आठ पडदे जोडता येतात. फक्त तो बोर्ड भरवशाचा आहे का, हे कुणीतरी तपासून सांगायला हवं.

"सर आहेत ना!" सुभाष आणि वैशाली एकदम म्हणाले.

बोर्ड आला. खोक्यावर कंपनीचं नाव नाही, पत्ता नाही. नुसता एक लालभडक ड्रॅगन, तोंडातून जाळ सोडणारा.

वसंतरावांनी खोकं उलटसुलट करून पाहिलं. म्हणाले, "चित्र ड्रॅगनचं हाय. आतून पाल निघाली न्हाई म्हणजे मिळवलं!"

*

प्रोसेसरवर पंखा बसवण्याआधी उष्णता वाहून नेणारा लेप लावतात. तो किती लावायचा, यावर मी दोन दिवस वाचन केलं. सगळीकडे एकच उत्तर, वाटाण्याएवढा. पण कोणता वाटाणा? सुका की ओला? सुका भिजला की दुप्पट होतो!

घरी विचारलं. बायको म्हणाली, "सगळ्या संसारात भाजीत मीठ किती घालतेस, हे कधी विचारलं नाहीत. आणि आज वाटाण्याचं माप?"

शेवटी एक सुका आणि एक ओला, असे दोन वाटाणे डबीत घालून दुकानात नेले. म्हटलं, नमुना समोर असलेला बरा.

सुभाषनं डबी उघडली. आधी वाटाण्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सर, आपण मशीन जोडायलोत का उसळ करायलोत?"

*

मग उन्हाळ्याची काळजी सुरू झाली. इंटरनेटवर या बोर्डाची तारीफ करणारे सगळे एसीच्या खोलीत बसलेले. आमचा बोर्ड राहणार चुडाव्याच्या पत्र्याखाली, तोही मे महिन्यात! खोली नेमकी किती तापते ते कळावं म्हणून मी वैशालीकडे एक थर्मामीटर पाठवला. भर दुपारी आकडा बघून फोन कर, असंही बजावलं.

फोन आला. एका मुलीनं आत जाऊन पाहिलेला आकडा वैशालीनं सांगितला आणि मी थक्क झालो. एवढी गार खोली तर आमच्या कॉलेजातही नव्हती! मी आनंदानं वसंतरावांना सांगितलं. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"वैशाली, ते मीटर हाय कुठं?"

पलीकडे ती खोलीत शिरल्याचा आवाज आला. मग हसण्याचा. मग ती म्हणाली, "काका, माठावर आहे. सरपंचबाईंनी ठेवलाय. म्हणाल्या, सरांची नाजूक वस्तू, उन्हानं लय तापायली होती!"

*

मशीन जोडता जोडता मी एकेका भागाची माहिती देत होतो. प्रोसेसर सर्व्हरमधून निवृत्त झालेला. मेमरीही तिथलीच, वापरून काढलेली. बोर्ड नवा म्हणायचा, पण त्यावरची मुख्य चिप दुसऱ्या कुठल्या तरी बोर्डावरून उतरवून इथं बसवलेली असावी.

वसंतराव शांतपणे ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे प्रोसेसर रिटायर, मेमरी रिटायर, चिप रिटायर. सर रिटायर, मी बी रिटायर. कामावर एकटा सुभाष!"

"काका," सुभाष पंखा आवळत म्हणाला, "सकाळपासून एक गिऱ्हाईक न्हाई आलं. मला बी तुमच्यातच धरा."

*

अखेर बटण दाबलं. पंखे फिरले. बोर्डाच्या कोपऱ्यात लाल अक्षरांची एक इवलीशी पट्टी असते, तिच्यावर मशीन कुठवर आलं याच्या दोन अक्षरी खुणा झरझर बदलू लागल्या. पडदा मात्र काळाच.

आता वसंतरावांची एक सवय सांगायला हवी. आयुष्यभर सबस्टेशनात काढल्यामुळे कशातही जरा शंका आली की त्यांचा हात आधी मेन स्विचवर जातो. "आदी बंद, मग विच्यार," हा त्यांचा नियम. एकदा लग्नाच्या मांडवात बँडवाल्याचा माइक खरखरला, तर त्यांनी अख्ख्या मांडवाची वीज तोडली होती!

आणि माझी सवय उलटी. मी आधी विचार करतो, पण तो नेहमी वाईटच असतो. मी त्या खुणांचा अर्थ फोनवर शोधू लागलो. पहिलीचा अर्थ सापडेपर्यंत तिथं दुसरी आलेली. मला वाटलं, मेमरी जळाली. मग वाटलं, प्रोसेसरच जळाला. तेवढ्यात वासही आल्यासारखा वाटला.

"वसंतराव!" मी ओरडलो. हे वाक्य पुरं करण्याची गरज नव्हती. हात स्विचवर गेलेलाच होता.

मेमरी बदलून पाहिली. पंखे, लाल खुणा, काळा पडदा, माझी आरोळी, वसंतरावांचा हात. वायर बदलली. तेच. बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी काढून परत घातली. तेच. तो वास शेजारच्या भजीच्या गाड्यावरून येत होता, एवढंच काय ते निष्पन्न झालं.

सुभाष घाम पुसत खाली बसला. "काका, एक विचारू? परभणीची लाइट इतकी वर्षं सारखी का जायची, ते आज कळायलंय मला!"

*

शनिवारी वैशाली स्वतः दुकानात आली. मशीनकडे पाहिलं, आमच्या तोंडांकडे पाहिलं. सोमवारला मध्ये एकच दिवस उरला होता. तिकडे बियाण्याची पोती गाडीत चढायच्या बेतात होती.

"सर, एका शब्दात सांगा. चालेल का?"

मी म्हटलं, "हे बघ, बोर्ड पूर्णपणे निकामी आहे, असं म्हणण्याइतका पुरावा आपल्याकडे नाही. पण तो चालेल, असं मानायलाही आधार नाही. अर्थात, चालण्याची शक्यता नाकारता येत नाही."

ती म्हणाली, "सर, बारावीला माझ्या प्रॅक्टिकलच्या वहीवर तुम्ही हेच लिहिलं होतं. 'उत्तीर्ण होण्याची शक्यता नाकारता येत नाही.' आई रात्रभर रडली होती!"

मला आठवत नव्हतं. पण लिहिलं असणार.

"मग बोर्ड परत पाठवायचा का?" सुभाषनं विचारलं.

"नाही," वैशाली म्हणाली. "सोमवारी चुडाव्याला घेऊन या. निदान सरपंचबाईंना दिसू दे, की आपण हातपाय हलवले. मग खोली गेली तर गेली."

हे तिनं फार शांतपणे म्हटलं. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

*

सोमवारी सकाळच्या गाडीनं निघालो. मशीनचं खोकं मी मांडीवर घेतलं होतं. गाडीच्या धक्क्यांनी आतलं काही सैल होईल, या भीतीनं मी ते दोन्ही हातांनी कवटाळून बसलो होतो. समोरचा शेतकरी पूर्णा स्टेशन येईपर्यंत माझ्याकडे बघत होता. शेवटी त्याला राहवेना.

"काय हाय हो त्यात? जित्राब हाय का?"

सुभाष म्हणाला, "त्याचाच तपास चाललाय. सरांना वाटतं, मेलंय."

*

चुडाव्याची खोली झाडून स्वच्छ केलेली होती. बाहेर एक टेम्पो पोत्यांसकट उभा होता. आत मुली सतरंजीवर ओळीनं बसलेल्या. मी मनाशी वाक्य घोकत होतो, "सध्याच्या पुराव्यावरून असं दिसतं की..."

सुभाषनं मशीन टेबलावर ठेवलं, पडदा जोडला, बटण दाबलं. पंखे फिरले. लाल खुणा पळू लागल्या. पडदा काळा. वसंतराव सवयीनं भिंतीवरच्या स्विचकडे निघाले.

"थांबा!" सरपंचबाई दारातूनच म्हणाल्या. "पाव्हण्यांचा सत्कार झाल्याबिगर आमच्या गावात काम सुरू व्हत न्हाई."

वसंतरावांना स्विचपासून पार लांबच्या खुर्चीवर बसवलं. अंगावर शाल घातली, हातांत नारळ दिला, नारळावर गुच्छ. सत्काराचा नारळ जमिनीवर कसा ठेवणार? दोन्ही हात अडकले! सुभाषच्या गळ्यात हार घालून त्याला फोटोसाठी दाराबाहेर नेलं.

आणि मला फेटा. मशीन माझ्या पाठीमागे, पुढे मुली, आणि डोक्याशी फेटा बांधणारा एक गृहस्थ.

"वसंतराव," मी हळूच म्हटलं, "बंद करा."

"कसं करू?" त्यांनी नारळ वर करून दाखवला.

मी उठायला लागलो. फेटेवाल्यानं खांदा दाबला. "सर, मान हलवू नका. सगळे पेच सुटतील."

सरपंचबाई बोलायला उभ्या राहिल्या. गावची विहीर झाली, रस्ता झाला, सुनेला नोकरी कशी लागली ते झालं. सरांचं मीटर आमी कसं जपलं, तेही झालं. माझ्या पाठीमागे तो बोर्ड एकटाच घरघरत होता. माझ्या मनात त्याची राख होऊन बराच वेळ झाला होता. वैशाली दाराशी उभी राहून टेम्पोकडे बघत होती.

फेटेवाल्याचे हात एकाएकी थांबले.

"सर," तो म्हणाला, "तुमचा टीव्ही लागला बघा."

माझ्या आधी मुलींना दिसलं होतं. पुढच्या ओळीतल्या सगळ्यांच्या तोंडावर निळसर उजेड पडला होता. वैशाली वळली. मी मान वळवली, फेटा सुटून डोळ्यांवर आला, तो वर केला आणि पाहिलं. पडदा उजळला होता. त्यावर तोच ड्रॅगन, जाळ सोडणारा!

"सर, आता चालंल ना हे?" सरपंचबाईंनी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, "आत्ता चालू आहे. एवढं मी खात्रीनं सांगू शकतो."

"सरांनी खात्री दिली!" सुभाष बाहेरून हारासकट धावत आला.

सरपंचबाईंनी दारात जाऊन हात केला. टेम्पो सुरू झाला, वळला आणि पोती घेऊन गेला. मग त्या परत येऊन म्हणाल्या, "पण चालू व्हायला टाइम किती लागतो ओ याला?"

मी खुणांबद्दल काहीतरी सांगायला तोंड उघडलं. त्याआधीच वसंतराव शालीतून म्हणाले,

"एक सत्कार!"

वैशाली पुढे आली. वसंतरावांच्या हातातला नारळ काढून घेतला आणि भिंतीवरच्या स्विचखाली जो छोटा कट्टा होता, त्यावर ठेवला. मग मुलींकडे वळून म्हणाली,

"हा कुणी फोडायचा नाही. बटण दाबलं की पडदा लागेपर्यंत हा उचलून धरायचा. दोन्ही हातांनी."