चार पाती

तेव्हा नागपूरला पंख्यांची विमानं यायची. माझ्या संत्र्यांच्या पेट्या सलग दुसऱ्या दिवशी विमानात न चढवता मागे ठेवल्या, तेव्हा माझं डोकं फिरलं. आज वैमानिकालाच जाब विचारायचा म्हणून मी नुकत्याच येऊन थांबलेल्या विमानाकडे धावत सुटलो. चाकांना लाकडी ठोकळे लावणाऱ्या खाकीतल्या एका माणसानं मागून कॉलर धरून मला खाली पाडलं. कॉलर फाटली.

"काहून पाडलं मले? नवा सदरा आहे!" मी ओरडलो.

त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. एक हात माझ्या छातीवर दाबून तो इंजिनाकडे बघत राहिला आणि कानाशी ओरडला, "फिरता पंखा दिसत नाही गा. पाती मोजता आली का मंग जाय. भांडाले मान लागते का नाही?"

घरघर मंदावली. जिथं मला नुसती हवा दिसली होती, तिथं माझ्या वाटेवरच पाती उमटली. त्यानं ती बोटानं मोजली. चार भरल्यावर छातीवरचा हात काढला.

"आता भांड."

पेट्यांसाठी मी पुढं वर्षभर भांडलो. राग अजून गेलेला नाही. पण भांडायला मान शाबूत राहिली, ती त्याच्यामुळे.