शमशुद्दीन मणेर दुकान वाढवतात

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर फक्त ऊन असतं. सकाळचं, तिरपं, नुकतंच अंघोळ करून आल्यासारखं. तीन बाजूंना गाळ्यांची रांग, शटरं अजून खाली. मधोमध फरशीचा मोकळा चौक आणि चौकात एकटं करंजाचं झाड. चौथी बाजू गडमुडशिंगीच्या रस्त्याकडं उघडी. प्रेक्षक बसायचे ते तिकडं. आणि डावीकडून प्रवेश होतो तो एका उंच, जरा वाकलेल्या म्हाताऱ्याचा. डोक्यावर पांढरी टोपी, हातात किल्ल्यांचा जुडगा. कोपऱ्यातलं शटर तो दोन्ही हातांनी वर ढकलतो. खडखडाट होतो, नाटकाची तिसरी घंटा व्हावी तसा. ऊन आत शिरतं आणि भिंतभर बांगड्या एकदम पेटतात.

हे शमशुद्दीन मणेर. आणि हे गणपतराव शॉपिंग सेंटर. नाव एवढं लांबलचक घ्यायला कोल्हापुरात कुणाला सवड नाही. सगळे नुसतं 'शापिंग' म्हणतात.

शापिंग उभं राहिलं त्याआधी इथं गणपतरावांचा ऊस होता. शहर सरकत सरकत उसाच्या बांधाला येऊन टेकलं, तेव्हा गणपतरावांनी गाळे बांधायचं मनावर घेतलं. इंजिनिअरनं नकाशा आणला, त्यात मधल्या चौकावर पत्र्याचं छप्पर होतं. त्या दिवशी शमशुद्दीन वाड्यावर लेकीसुनांना बांगड्या भरायला गेलेला. तेव्हा तो सायकलीला पेटी बांधून दारोदार फिरायचा. गणपतरावांनी त्याला सहज विचारलं, "काय रं शमशू, छप्पर टाकू का नगं?"

"मालक, छप्पर टाकलासा तर बांगडीचा रंग कसा कळायचा? दिव्याखाली हिरवी काय नि काळी काय, समदं सारखंच."

गणपतराव मांडीवर थाप मारून हसले. "ऐकलंसा का इंजिनिअरसाहेब? बाजाराला आभाळच ऱ्हाऊ दे!" आणि ज्या कोपऱ्यात ऊन सगळ्यांत जास्त वेळ रेंगाळतं तो गाळा त्यांनी शमशुद्दीनला दिला. गाळ्यापुढं बायकांना बसायला काळ्या दगडाचा कट्टाही घालून दिला.

पुढची वर्षं म्हणजे एकच नेपथ्य आणि पात्रं तेवढी बदलती. फोनच्या काचेच्या खोलीपुढं रांगा लागल्या आणि ओसरल्या. कॅसेटवाला आला, सीडीवाला झाला, मग मोबाइलची कव्हरं विकायला लागला. चौकात मंडळाचा गणपती बसायचा. ईदला शमशुद्दीनच्या घरून रशिदाभाभी शिरखुर्म्याचं पातेलं पाठवायची आणि शेजारचा दूधवाला कृष्णात सगळ्यांच्या आधी वाटी पुढं करायचा. "दूध माझंच हाय, चव तर बघू दे!" असं दरवर्षी म्हणायचा.

शमशुद्दीन मात्र कट्ट्यावरच. समोर बाई बसायची, हात पुढं करायची. तो तिची बोटं चेपून चेपून मऊ करायचा, गप्पांत गुंतवायचा आणि बांगडी हाडावरून कधी सरकली ते तिला कळायचंही नाही. मग हात उन्हात धरून दाखवायचा, "बघा ताई, हिरवा म्हंजे असा असतोय." भरून झाल्या की बाई त्याला वाकून नमस्कार करायची. म्हातारी असो की कॉलेजातली पोरगी, नमस्कार व्हायचाच. तो दर वेळी कानकोंडा व्हायचा आणि दर वेळी म्हणायचा, "सुखी ऱ्हावा."

एक गोष्ट त्यानं बापाकडून घेतली होती. बांगडी फुटली असं तोंडातून काढायचं नाही. बांगडी 'वाढली' म्हणायचं. दुकानाचंही तसंच. संध्याकाळी दुकान बंद करायचं नसतं, वाढवायचं असतं. 'बंद' हा शब्द त्याच्या गाळ्याची पायरी कधी चढला नव्हता.

याच शब्दानं पुढं घात केला.

गणपतराव गेले. त्यांचे चिरंजीव विजयसिंह थकले. शटरं गंजली, पावसाळ्यात चौकात तळं साचायला लागलं, आणि गिऱ्हाईक गार हवेच्या मोठ्या दुकानांकडं वळलं. नातू आदर्श पुण्याहून शिकून आला आणि जुनं पाडून तीन मजली इमारत बांधायचं ठरलं. पोरगं भलं होतं. सगळ्यांना चौकात बोलावून म्हणालं, "एकाही जुन्या माणसाला बाहेर काढणार नाही. प्रत्येकाला जागा मिळणार." शमशुद्दीननं त्याला बारशाला काळे मणी घातले होते. त्याचा शब्द त्याला पुरेसा वाटला. त्याला मागायचं तरी काय होतं? खालचाच गाळा, उन्हातला, कट्ट्यासकट.

मग आदर्शच्या ऑफिसातल्या प्रियदर्शनीनं एकेका दुकानदाराला फोन लावले. शमशुद्दीनचा फोन वाजला तो नेमका संध्याकाळी. करंजावर साळुंक्यांनी नुसता कालवा मांडला होता. एका हातात शटरची आकडी, दुसऱ्या हातात फोन.

"चाचा, नव्या इमारतीत तुमच्या दुकानाचं काय ठरवलंय?"

साळुंक्यांच्या गोंगाटात चाचांना ऐकू आलं ते 'दुकानाचं काय'.

"वाढवतोय की!" ते ओरडले.

"अरे वा! वाढवायचंय? नक्की ना?"

"नक्की म्हंजे? आत्ता वाढवतोय बघा!"

"मग मोठा गाळा बघू का तुमच्यासाठी?"

"उद्या बघू, पोरी, उद्या. आता घरला जातोय."

प्रियदर्शनीला चाचांच्या उत्साहाचं कौतुक वाटलं. तिनं हौसेनं आदर्शला सांगितलं, आदर्शनं हौसेनं सगळ्यांत मोठी जागा त्यांच्या नावावर लावली. मोठ्या जागा वरच होत्या. जाबसालातला एक शब्द चुकीच्या कानावर पडला आणि सबंध वग वेगळ्याच वाटेला लागला.

चाचांना हे कळलं ते फ्लेक्सवरून. कोल्हापुरात आनंद झाला की आधी फ्लेक्स लागतो. एका सकाळी चाचा चौकात आले तर करंजाला टेकून त्यांचाच फोटो उभा, कुणाच्या तरी लग्नातला, गॉगल घातलेला. खाली मोठ्या अक्षरांत 'मणेर बँगल्स, भव्य वाढीव दालन, दुसरा मजला. चाचांचे हार्दिक अभिनंदन!' पोरांनी फटाक्यांची माळ लावली. कृष्णातनं पेढा तोंडात कोंबला.

"चाचा, आतल्या गाठीचं हायसा की! आमाला खालची खुराडी आनि तुमी माडीवर राजावाणी!"

चाचांनी पेढा कसाबसा गिळला. "दुसरा मजला? कुनी सांगितलं?"

"तुमीच की!"

दुपारी रशिदाभाभी डबा घेऊन आली. फ्लेक्स तिनं नीट वाचला, एकदा फोटोकडं बघितलं, एकदा नवऱ्याकडं.

"काय म्हनालासा त्या पोरीला?"

"वाढवतोय म्हनलो. रोज म्हनतोय तेच."

भाभी कपाळाला हात लावून कट्ट्यावर बसली. मग हसूच फुटलं तिला, आणि हसता हसता पदर डोळ्यांना गेला. "चाळीस वर्सं म्या सांगतोय, कमी बोला, कमी बोला. शेवटी तुमच्या जिभंनंच तुमाला जिना चढवला."

चाचा आदर्शकडं गेले. त्यानं उठून खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं, आणि त्याचा चेहरा उतरत गेला. त्याला तो अर्थ ठाऊकच नव्हता. प्रियदर्शनी दारात उभी होती, तिचे डोळे भरून आले. पण खालचे गाळे वाटून झाले होते. रस्त्याकडची जागा बँकेला, मधली औषधाच्या दुकानाला, आणि उरलेल्यांत जुनेच दुकानदार. सगळ्यांचे करार पक्के झालेले.

"चाचा, लिफ्ट असणार आहे," आदर्श हळूच म्हणाला. "गार हवा असेल. लाइट तर असे देतो, दिवसासारखे."

"दिवसासारखं कशाला, धाकलं मालक? दिवस हाय की खाली." पण ते आवाज न चढवता म्हणाले. ज्याच्यावर चिडावं असं त्या खोलीत कुणीच नव्हतं.

कृष्णात स्वतःहून म्हणाला, "चाचा, माज्या गाळ्याम्होरं बसा तुमी." पण नव्या इमारतीत गाळ्यापुढं काही मांडायचं नाही असा नियम होता. अदलाबदल करावी म्हटलं, तर दुधाचे कॅन पहाटे दुसऱ्या मजल्यावर कोण चढवणार? कृष्णात दोन दिवस चाचांच्या नजरेला नजर देईना. तिसऱ्या दिवशी चाचाच त्याच्याकडं चहा प्यायला गेले. "आरं, तुझा काय गुन्हा? मान वर कर. पातेल्यात पडशील."

त्या शेवटच्या आठवड्यात अंबूबाई आल्या. गडमुडशिंगीच्या, लग्नाचा चुडा चाचांनीच भरलेला. दोन्ही गुडघे धरून, रिक्षातून उतरून, कट्ट्यापर्यंत येतानाच दमल्या.

"ऐकलं त्ये खरं व्हय? माडीवर जानार तुमी?"

"लिफ्ट असनार हाय म्हनं."

"त्यात मी पाय ठेवायची न्हाय. मला कोंडून घेतल्यागत हुतंय त्या पेटीत. आनि वरती ऊन हाय का?"

चाचा हिरव्या बांगड्या काढायला वळले. अंबूबाईंनी हात पुढं केला. "भरा मग. जरा जास्तच भरा, लवकर वाढू नयेत अशा."

त्यांनी हिरव्या बांगड्या एकेक करून चढवल्या. त्या दिवशी गप्पांत गुंतवायचं काम उलटं झालं. अंबूबाईच आपल्या गोठ्याचं, सुनेचं, नातवाचं काहीबाही सांगत राहिल्या. भरून झाल्यावर चाचांनी तो हात उन्हात धरला. मग गुडघे वाकत नसतानाही त्या वाकल्या. चाचांनी त्यांना हाताला धरून रिक्षापर्यंत पोचवलं.

शेवटची संध्याकाळ. खोकी टेम्पोत गेली होती. चौकाच्या कडेला भिंती पाडायचं यंत्र येऊन उभं, लांब मान खाली घालून. गाळ्यातल्या रिकाम्या खुंट्यांवर कलतं ऊन पडलं होतं, तेच, सगळ्यांत उशिरापर्यंत रेंगाळणारं. चाचांनी ते पूर्ण उतरू दिलं. मग शटर खाली ओढलं.

मागं आदर्श येऊन उभा होता. त्याला काही चांगलं बोलायचं होतं. तो शब्द आता त्यानं शिकून घेतला होता. अगदी जपून, मान राखून त्यानं विचारलं, "चाचा, वाढवलं का दुकान?"

शमशुद्दीन मणेरांनी किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली. त्याची बोटं मिटवली, बांगडी भरताना मिटवायचे तशी, अलगद.

"न्हाय, धाकलं मालक. बंद केलं. वाढवलं म्हनलं की तुमी वर धाडतासा."