दारावरचा बगळा

“दाजींच्या कोन गावच्या लेकीने ती फळी केवळ बापाचे मन राखायला लावली आहे. म्हातारा यायचा असला की फळी दारावर चढते. त्याची रिक्षा वळली की उतरते.”

हे माझ्या मेहुण्याचे म्हणणे, माझ्या भाषेत. माझ्या पत्नीचा हा धाकटा भाऊ शेलार गावात राहतो आणि बारसे असो वा उत्तरकार्य, पंगतीत भात येण्यापूर्वी हा वृत्तांत सादर करतो. लोक हसतात. हसणाऱ्यांपैकी एकानेही आयुष्यात पटाशी हातात धरलेली नाही, एवढे नमूद करून मी मूळ हकिकतीकडे वळतो.

भिवंडीच्या कामतघर भागातले माझे कापडाचे लूम भंगारात गेल्यावर मला उद्योग उरला नव्हता. त्याच सुमारास लेकीचे घर कोनला, कल्याण रस्त्याच्या अगदी कडेला, उभे राहत होते. चौकटीतून सागाची एक फळी उरली. तिच्यावर मी स्वतः उठावाचे कोरीव काम करीन आणि ती दर्शनी दारावर लागेल, असे मी व्याह्यांच्या देखत जाहीर केले. त्यांनी मान डोलावली. ती कोणत्या अर्थाने डोलावली, याचा विचार मी तेव्हा केला नाही.

पटाश्या घ्यायला मंडईजवळच्या हत्यारांच्या दुकानात गेलो. दुकानदार पूर्वी कापडाच्या धंद्यात होता आणि मला ओळखून होता. उठावाच्या कामाला लागणाऱ्या पटाश्या दाखव म्हणताच तो हसला.

“शेठ, अख्ख्या भिवंडीत मालाला उठाव नाही. तुम्ही लाकडात शोधताय?”

मी त्याला समजावले, की या उठावात गिऱ्हाईक लागत नाही. आकृती जागेवर ठेवायची आणि भोवतीचे लाकूड खाली उतरवायचे, म्हणजे ती आपोआप वर येते.

“म्हणजे बाजूच्यांना खाली बसवायचं,” तो म्हणाला. “हे तर तुम्हाला जमतंच.”

मी सपाट पटाशी घेतली, गोल घेतली, आणि त्याचा निरोप न घेता निघालो.

गणपतीवर नवशिक्याने हात चालवू नये, इतका विवेक माझ्यापाशी होता. मी खाडीकाठी उभा असतो तसा बगळा काढला: लांब पाय, लांब मान. फळी दारावर आडवी लागायची, म्हणून आडवीच ठेवली आणि बगळा तिच्यावर उभा रेखला. भोवतीची जमीन, म्हणजे मोकळे लाकूड, मी सुरेख उतरवली. याबाबत मेहुणाही काही बोलू शकत नाही. मग पायाच्या दोन्ही अंगांनी पटाशी दाबली, आणि एक पाय टक्कन उडून पत्नीच्या निवडायच्या तांदळात पडला.

“हे काय आलं?” तिने विचारले.

“पाय.”

“कुणाचा?”

मेहुणा नेमका त्या दिवशी आला. त्याने फळी हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली.

“दाजी, याचा दुसरा पाय कुठं हाय?”

“बगळा एका पायावरच उभा राहतो. शेलारला बगळे नाहीत का?”

“हायत ना. पन त्यांना दुसरा पाय असतो, पोटाखाली.”

पुढच्या आठवड्यात मान गेली. त्यावर तो म्हणाला, “आता कोंबरी झाली. अंडी कधी देते, सांगा.”

हे का घडले, ते मी कोणाला विचारले नाही; स्वतःच शोधले. जन्मभर मी कापड पाहिले. कापडात उभ्या ताण्याला आडवा बाणा धरून ठेवतो, म्हणून ते दोन्हीकडून ओढ सहन करते. मी लाकडालाही कापडच समजलो होतो. लाकडात सगळे धागे एकाच दिशेने धावतात. तिथे नुसता ताणा असतो, बाणा नसतोच. आडव्या रेषांच्या फळीवर उभा, बारीक पाय म्हणजे बाण्याशिवाय विणलेले कापड. तो उडणारच. ज्याला ही चूक वाटते, त्याने ती करून दाखवावी. त्यासाठी आधी चाळीस वर्षे लूम चालवावे लागतात.

मग त्याच फळीवर, उरलेल्या लाकडात, मी मान छातीत घेतलेला बगळा कोरला. थंडीत तो तसाच बसतो. त्याला पॉलिश केले, गुंडाळले आणि वास्तुशांतीच्या दिवशी कोनला नेले. व्याही, जावई, मेहुणा, सगळे ओटीवर जमलेले. फळी उघडली, तेव्हा व्याह्यांनी आधी जावयाकडे पाहिले, मग फळीकडे. ते पाहणे मी आजही विसरलेलो नाही. मी लेकीला म्हणालो, “मागच्या पडवीत लाव. धूळ खाणार नाही.”

“बाबा, दारावरची म्हणून सांगितलीत ना?” ती म्हणाली आणि स्वतः स्टुलावर चढली. मेहुण्याने स्टूल धरले होते, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. त्याची दयेची कथाही त्याच स्टुलापाशी जन्मली.

ती दया असेल, हा संशय मला स्वतःलाही होता. दरवेळी कोनला गेलो की रिक्षातून उतरताना मी आधी दाराकडे पाहत असे. फळी असे. पण मी येणार हे त्यांना ठाऊक असे. तेव्हा त्या असण्याला पुरावा म्हणून किंमत नव्हती.

पुढे जावयाने अंगणाची जागा गोदामवाल्याला भाड्याने दिली. त्यावरून मी जे बोललो ते योग्यच होते. ज्या आवाजात बोललो त्याबद्दल मतभेद आहेत. लेकीने नवऱ्याची बाजू घेतली. मी त्या घरी जाणे बंद केले, तिनेही फोन करणे सोडले. दसरा गेला, दिवाळी गेली, भाऊबीजेला माझ्या मुलाला तिने परस्पर बोलावून ओवाळले. मला निरोप नव्हता. मेहुणा म्हणाला, “आता उतरली असल कोंबरी.”

त्या काळात डोळ्यांच्या डॉक्टरकडे म्हणून मी कल्याणला अनेकदा गेलो. माझे डोळे उत्तम आहेत. प्रत्येक वेळी रिक्षा कोनवरून गेली, माझी कोणाला वर्दी नव्हती, माझे मन राखण्याचे त्या घरात कोणालाही कारण उरले नव्हते, आणि प्रत्येक वेळी फळी दारावर होती.