चाळीस मैल कुठं गेले?

मला बघायला आलेला माणूस जुहूच्या विमानतळावर कारकून होता. स्थळ परंदवडीच्या मामांनी आणलेलं. तेव्हा लोणावळ्यावरून कधीमधी एखादं विमान जायचं आणि सगळी आळी अंगणात यायची. त्या विमानात हा गृहस्थ बसतो म्हटल्यावर आईनं पोह्यांवर खोबरं जरा सढळ हातानंच घातलं.

वडिलांना मात्र पहिल्यापासून संशय. त्यांचं आयुष्य घाटात गेलेलं. कर्जतला गाडीच्या मागं इंजिन जोडायचं आणि ती ढकलत वर आणायची, हे त्यांचं काम. पाहुणा सहज म्हणाला, "जुहू ते पुणं पाऊण तास. अंतर ऐंशी मैलांच्या आतच."

"मुंबई-पुणं एकशेएकोणीस मैल हाये," वडील म्हणाले. "चाळीस मैल खाल्लं कुटं?"

"विमान सरळ जातं. वळणं नाहीत."

"आन् घाट? घाटाला मागनं काय लावता?"

"काही लावावं लागत नाही, आबा. ते वरूनच येतं."

वडिलांनी असं बघितलं की मामांनी पोह्यांत मान घातली. मैलांत एवढं खोटं बोलणारा पगारात किती बोलेल, हा हिशोब वडिलांच्या चेहऱ्यावर दिसत होता. मग त्यांनी वेग विचारला, वारा विचारला, ढग आल्यावर थांबता कुठं तेही विचारलं. पाहुणा न अडखळता उत्तरं देत होता. दाराआड मला राग यायला लागला. लग्न माझं आणि चौकशी विमानाची.

मला मैलांचं काही वाटलं नाही. इतकं चोख सांगतोय म्हणजे ते खरंच असणार. खटकलं ते दुसरंच. पायलटच्या ओळखीनं दर महिन्याला पुण्याला येतो म्हणाला. पार्सलं तोलणाऱ्या कारकुनाचं पुण्यात दर महिन्याला काय काम? चहा द्यायला बाहेर गेले आणि विचारून टाकलं, "पुण्यात उतरून मग जाता कुठं?"

आईनं डोळे वटारले. पाहुण्यानं कप उचलला, परत खाली ठेवला.

"वडगावला," तो म्हणाला. "तिथं... सासुरवाडी आहे."

मामा घाईघाईनं बोलायला लागले. पहिलीला मूल नाही, ती माहेरीच असते, आज सांगणारच होतो. पाहुणा खाली बघत म्हणाला, "तिची हरकत नाही. मी विचारलंय."

वडील उठले, खुंटीवरची त्याची टोपी काढली आणि त्याच्या हातात दिली. त्या दिवशी ते मला फार आवडले.

माझं लग्न पुढं दुसरीकडं झालं. पण वडगावच्या बाजारात एखादी बाई एकटी दिसली की मी तिला निरखायची. ही तर नव्हे? तिची हरकत नाही, हे मी कधीच खरं मानलं नाही. नवरा आपल्यासाठी महिन्याच्या महिन्याला विमानानं येतो, असं ती बिचारी गावभर सांगत असेल, हेच मला वाटत राहिलं.