'एम' म्हणायचं राहिलं: वढवाणा तलावावरची सकाळ

हेमंतभाईंची मोठी लेन्स हातात आली तेव्हाच ती परत करून टाकावी असं मला वाटलं होतं. पण बाबांना पट्टकादंब बघायचे होते. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे पक्षी हिवाळ्यात हिमालय ओलांडून आमच्या बडोद्यापासून तासाभराच्या अंतरावर उतरतात, आणि रिफायनरीत पाळ्या करण्यात जन्म गेलेल्या माझ्या बाबांनी ते एकदाही पाहिले नव्हते. माझ्या छोट्या लेन्समधून ते ठिपक्याएवढे दिसले असते.

हेमंतभाई सुभानपुऱ्यात आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. रिटायर झाल्यावर हौसेने घेतलेली ही लेन्स ते कोणालाही देत नाहीत, अगदी स्वतःच्या जावयालाही नाही. बाबांना मात्र दिली, आणि एकच गोष्ट बजावली: "स्विच 'ए' पर होय त्यारे रिंग फेरवता नहीं, हों." म्हणजे स्विच 'ए'वर असताना रिंग फिरवायची नाही.

हे बजावणं का महत्त्वाचं, ते आधी सांगते, म्हणजे तुम्ही गेलात तर माझ्यासारखी फजिती व्हायची नाही. लेन्सवर एक छोटा स्विच असतो. 'ए'वर असला की फोकस लेन्समधली मोटर करते, 'एम'वर असला की आपण रिंग फिरवून करायचा. बऱ्याच नव्या लेन्सना 'ए'वरही रिंग फिरवलेली चालते. हेमंतभाईंची लेन्स जुनी. तिच्यात 'ए'वर रिंग फिरवली की आतल्या बारीक दातेरी चाकांवर जोर येतो आणि ती झिजतात, तुटतातही. आपली लेन्स कुठल्या जातीची आहे ते माहितीपत्रकात बघून घ्या, आणि रिंग जड लागली तर जोर करू नका.

आम्ही उजाडायच्या आत निघालो. गाडी मी चालवत होते. बाबा शेजारी, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली लेन्स. डभोईपर्यंत रस्ता छान आहे, पुढे थोडा अरुंद होतो आणि पहाटे धुकं असतं, तेव्हा घाई करू नका. डभोईच्या अलीकडे टपरीवर गरम फाफडा आणि चहा मिळाला. बाबांनी फाफड्याला हात लावला नाही, बोटांना तेल लागेल म्हणून. मी दोघांचा खाल्ला.

तिथेच त्यांनी त्यांची पद्धत मला शिकवली. कॅमेरा एक आणि माणसं दोन. मला मोटरवर भरवसा, त्यांना स्वतःच्या बोटांवर. म्हणजे स्विच सारखा इकडून तिकडे होणार. रिफायनरीत पाळी बदलताना जाणारा माणूस म्हणायचा, 'अमुक व्हॉल्व्ह बंद', आणि येणारा स्वतः हात लावून बघून तेच परत म्हणायचा. त्याशिवाय कोणी खुर्ची सोडायची नाही. आपणही तसंच करायचं, बाबा म्हणाले. मला हसू आलं, पण हो म्हटलं.

तलावावर तिकीट काढावं लागतं, कॅमेऱ्याचं वेगळं. सुटे पैसे ठेवा आणि पिण्याचं पाणी बरोबर न्या. बांधावरून चालत गेलो तर समोर पाणवनस्पतींची दाट रांग आणि तिच्यापलीकडे ते. शेकड्यांनी. बाबा नुसतेच उभे राहिले, कॅमेरा मागायचंसुद्धा विसरले.

इथे मोटर कामाची नव्हती. पुढच्या गवताच्या काड्या दिसल्या की ती त्यांनाच धरून बसायची, पक्षी मागे धूसर. म्हणून आधी 'ए'वर साधारण अंतर पकडायचं, मग 'एम' करून रिंगने पक्ष्याच्या डोळ्यावर आणायचं. स्क्रीनवर तेवढाच भाग मोठा करून बघितला की चूक कळते. "एम," मी म्हणायची. बाबा बोटाने चाचपून "एम" म्हणायचे. परत देताना "ए". त्यांनी काढलेल्या फोटोंत पिसांच्या कडासुद्धा दिसत होत्या. माझा जीव मात्र सगळा वेळ त्या स्विचवर.

मग कुठून तरी एक शिकारी पक्षी घिरट्या घालत आला आणि अख्खा थवा उठला. मी बाबांच्या हातातून कॅमेरा जवळजवळ ओढलाच. 'ए' केलं, धडाधड फोटो काढले. तेवढ्यात बाबा म्हणाले, "दे, दे, माझ्या बाजूला वळलेत." मी दिला. मी काही म्हटलं नाही आणि त्यांनीही काही विचारलं नाही. त्यांचं एक बोट बटणावर, डावा हात रिंगवर. मोटर एकीकडे ओढत होती, बाबा दुसरीकडे. कर्र असा आवाज आला.

बाबांनी लगेच हात काढला. मी स्विच बघितला. 'ए'वर होता.

बांधावर बसून आम्ही लेन्स पुन्हा पुन्हा तपासली. जवळचं झाड, लांबचं झाड. मोटर चालत होती, आवाजही नेहमीचाच वाटत होता. मला सुटल्यासारखं झालं. गाडीत बसल्यावर म्हटलं, चालतेय ना, मग कशाला सांगायचं? बाबा म्हणाले, "आज चालतेय."

डभोईपर्यंत आमचं यावरून वाजलं. मी म्हणत होते की उगाच हेमंतभाईंच्या डोक्यात किडा सोडायचा आणि चांगले संबंध घालवायचे. चूक माझी होती आणि नाव बाबांचं जाणार होतं, याचा मला जास्त राग येत होता. शेवटी ते एवढंच म्हणाले, "गौरी, पुढच्या पाळीच्या माणसाला माहीत हवं."

हेमंतभाईंच्या दारात बाबांनी सगळं जसंच्या तसं सांगितलं: स्विच कुठे होता, रिंग किती फिरली, आवाज कसा आला. मी मध्येच म्हटलं की चूक माझी, तर बाबांनी दोघांची म्हणून दुरुस्ती केली. हेमंतभाईंचा चेहरा पडला. त्यांनी लेन्स कानाशी धरून चालवून बघितली. ठीक होती. ती त्यांनी कपाटात ठेवली, आणि आम्हाला बसा म्हणाले नाहीत.

त्यानंतर जिन्यात भेटले की जेमतेम 'जय श्री कृष्ण'. संध्याकाळी बाबांबरोबर बागेत फिरायला जायचे, तेही बंद झालं. बाबा एकटेच जाऊन यायचे. पट्टकादंबांचा त्यांचा फोटो मी मोठा करून हॉलमध्ये लावला, पण ते तिकडे बघायचे नाहीत. खरं बोलून काय मिळालं, असं मी त्यांना एकदा तोंडावर म्हणालेसुद्धा.

महिना होत आला असेल. एका सकाळी बेल वाजली. दारात हेमंतभाई, हातात लेन्स, मागे त्यांची पाच वर्षांची नात रिया. मोटर अर्ध्यावर अडकली होती. बाबा उठून उभे राहिले, दुरुस्तीचं आम्ही बघतो म्हणू लागले. हेमंतभाईंनी हातानेच थांबवलं. सकाळी रियाने कॅमेरा टेबलावरून घेऊन खेळायला नेला होता, आणि तासाभराने लेन्स अडकलेली दिसली.

"सारुं थयुं तमे कीधेलुं," ते बाबांना म्हणाले. "नहीं तो हुं रियाने वढत."

बरं झालं तुम्ही सांगितलं होतं, नाहीतर मी हिलाच रागावलो असतो. बाबा त्यांना आत घेऊन गेले. रिया दारातच उभी होती, माझ्याकडे बघून हसत. मला तिच्याकडे बघवेना.